दारापाशी चाळीस सेकंद

३ मार्च, सोमवार

"माणूस खोटं बोलेल मॅडम, त्याचा कचरा बोलणार नाही," असं साहेब आज तीनदा म्हणाले. साहेबांना सगळे पाठीमागे टक्का म्हणतात, कारण काहीही सांगितलं तरी त्यांचा प्रश्न एकच: "किती टक्के?" मी नुसती मान हलवली. नऊ वर्षं घरी बसून पुन्हा कामाला लागलेली बाई पहिल्या दिवशी आणखी काय करणार!

काम असं. पालिकेची घरोघर फिरणारी कचरागाडी नीट चालते का, हे चार आठवड्यांत तपासायचं. चाळीस घरांनी स्वतःहून फॉर्म भरून दिले आहेत. गाडीवरची बाई त्यांच्या ओल्या आणि सुक्या पिशव्यांना नंबराची चिठ्ठी लावून शेडमध्ये आणणार. मी त्या टेबलावर उघडून वजन करायचं आणि वर्गीकरणाला दहापैकी गुण द्यायचे. कुठला नंबर कुणाचा ती यादी साहेबांच्या कपाटात, कुलपात. शिवाय गाडीवाली येताना आणि निघताना खालच्या दारावरचं त्या घराचं स्टिकर यंत्रावर टिपते, त्यामुळे कुठे किती सेकंद गेले तेही मला कळणार. ३१ तारखेला अहवाल. चांगला झाला तर मला कायम करतील. नाही झाला तर काय, ते इथे लिहीत नाही.

आईची गल्ली याच प्रभागात येते. ते मी आधीच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "नातेवाइकांची घरं आम्ही वगळतो." सुटले. आईचा कचरा उपसायची वेळ आली असती तर ती मला आयुष्यभर ऐकवत बसली असती.

५ मार्च, बुधवार

शेडमध्ये पहिला दिवस. पत्र्याचं छप्पर, लांब टेबल, वजनकाटा, हातमोजे. नाकाला रुमाल बांधून उभी होते, तेवढ्यात गाडीवाली आली. पन्नाशीची, सडसडीत, गळ्यात शिट्टी. गाडीची घंटा दोन वर्षांपूर्वी मोडली, तेव्हापासून ती शिट्टी वाजवते, आणि सगळा प्रभाग तिला शिट्टीच म्हणतो.

"नव्या मॅडम का? रुमाल सोडा. चौथ्या दिवशी त्रास बंद होतो."

"वास जातो?"

"वास कुठे जातोय! नाक जातं."

बहुतेक पिशव्या म्हणजे आनंदीआनंद. सुक्यात भाताची शितं, ओल्यात दाढीचं ब्लेड. माझं बोट थोडक्यात वाचलं. पण सतरा नंबर! दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी केलेल्या. साली कागदाच्या पुडीत. औषधाची एक रिकामी पट्टी, तीसुद्धा पुसलेली. पिशवीचं तोंड जुन्या चादरीच्या चिंधीने बांधलेलं, एका टोकाला ओढलं की सुटेल अशी गाठ. आमच्याकडेही चिंध्या अशाच जपून ठेवायचे. त्या पिढीतल्या सगळ्याच बायका ठेवतात. दहापैकी दहा दिले. खूप वर्षांनी कुणाला पूर्ण गुण द्यायला मिळाले, बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

आईकडे गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या मधल्या वळणावरचा दिवा गेलेला. मीच वर पोचेपर्यंत धापा टाकते. आई मात्र मजेत होती. डब्यातल्या गोळ्या मोजल्या. रोज सकाळी एक, पायांवर सूज येऊ नये म्हणून. हिशोब बरोबर निघाला.

"मोजून झाल्या का पोलीसबाई?" आई म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं, आमच्याकडे चल. ती म्हणाली, "तुझ्याकडे माझं घर आहे का?" मग गॅस पुसायला लागली. तो विषय आला की ती गॅस पुसते.

गेल्या वर्षापासून ती विसरते आहे, हे तिला माहीत आहे आणि मलाही. आम्ही दोघी एकमेकींना कळू देत नाही. मनात एकच भीती असते: एक दिवस फोन वाजत राहील आणि कुणी उचलणार नाही. म्हणून गोळ्या बरोबर निघाल्या की माझा आठवडा सुटतो.

माझ्या कामाबद्दल खोदून खोदून विचारलं. "चांगल्या घराला बक्षीस देता का ग?" म्हटलं, नाही, नुसते गुण. "गुण तरी सांगता का त्यांना?" म्हटलं, नाही. हिरमुसली. शाळेत शिकवायची, अजून तीच सवय.

१२ मार्च, बुधवार

वेळेचे आकडे आले. सरासरी दाराला अठ्ठावीस सेकंद. सतरा नंबरला चार मिनिटं दहा सेकंद! रोज! पाच नंबरला दोन मिनिटं, एकोणतीसला तीन. त्यामुळे शेवटच्या गल्लीत गाडी उशिरा पोचते, लोक कामाला निघून जातात आणि पिशव्या कोपऱ्यावर टाकतात. शेवटच्या गल्लीच्या तक्रारींचं मूळ सापडलं म्हणून आकडे मी पुन्हा दोनदा तपासले. इतक्या वर्षांनी काहीतरी मला आधी दिसलं.

तक्त्यात "थांबण्याचं कारण" असा एक रकाना आहे. सगळा कोरा. साहेबांना म्हटलं, गाडीवालीला विचारू का? ते म्हणाले, "विचारलं की कारणं सांगतात. तुम्ही उपाय सांगा."

मी उपाय लिहिला. दारापाशी जास्तीत जास्त चाळीस सेकंद. जिना चढायचा नाही, पिशव्या लोकांनी खाली आणून ठेवायच्या. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. जेवताना नवरा म्हणाला, "आल्या आल्या षटकार!" मी हसले खरी. पण तो कोरा रकाना डोळ्यांसमोर येत होता.

१४ मार्च, शुक्रवार

शिट्टी शेडमध्ये आली ती कागद हातात घेऊनच.

"चाळीस सेकंदांत तर माझा श्वास पण पुरत नाही मॅडम शिट्टीला."

मी आकडे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सतरालाही?"

"सगळ्यांनाच. एकाला सूट दिली की नियम राहत नाही."

ती काहीतरी बोलणार होती. माझ्याकडे बघत राहिली, अगदी नीट, जणू माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधते आहे. मग म्हणाली, "शब्द दिलाय मी. जाऊ द्या. तुमचं काम आहे."

कसला शब्द, मी विचारलं नाही. मला वाटलं, गप्पा मारायला थांबत असेल, चहा मिळत असेल. थांबेना का कुणी चहासाठी! पण शेवटच्या गल्लीतल्यांनी काय पाप केलंय?

१८ मार्च, मंगळवार

टक्का साहेब खूश. सगळ्या प्रभागातले जिने वाचल्यामुळे गाडी पस्तीस मिनिटं आधी पोचते आहे. बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक चाललं होतं, आणि नेमका तेव्हाच आईचा फोन. कालपासूनचा तिसरा, आणि प्रश्न तोच.

"औषधाची पट्टी कशात टाकायची ग? ओल्यात की सुक्यात?"

"सुक्यात आई. रिकामी करून सुक्यात."

"रिकामी करून?"

"हो, सगळी रिकामी करून. बैठकीत आहे मी, ठेवते."

आवाज जरा चढलाच माझा. नंतर वाईट वाटलं. संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "समजलं हं, अगदी समजलं." दम लागल्यासारखं बोलत होती. म्हणाली, आताच खाली जाऊन आले. खाली कशाला, तर म्हणे हवा खायला.

२० मार्च, गुरुवार

सतरा नंबरच्या सुक्या पिशवीत आज औषधाच्या तीन पट्ट्या. काल दोन. पूर्वी एखादीच असायची. त्या घरात एकदम दोघं-तिघं आजारी पडलेले दिसतात. तरी पट्ट्या पुसून, एकावर एक रचून, चिंधीने बांधलेल्या. घरात आजारपण असताना इतकं नीट कुणाला सुचतं? माझी आई एक गोळी घेते आणि तीन फोन करते!

पुन्हा दहा. साहेबांना सुचवलं की पत्रकावर सतरा नंबरच्या पिशव्यांचा फोटो छापू. "आदर्श घर." त्यांना आवडलं. "किती टक्के घरं अशी?" म्हटलं, अडीच. म्हणजे चाळीसात एक.

ओल्या पिशव्या या आठवड्यात मी नुसत्या तोलते आहे. उन्हामुळे उघडवत नाहीत. हे अहवालात लिहायला हवं. लिहीन की नाही, माहीत नाही.

२३ मार्च, रविवार

आईच्या पायांवर सूज आहे. चपलेचा पट्टा रुतून लाल वळ उठला आहे. ती म्हणते चप्पल आटली. मी म्हटलं, चामडं कधी आटतं का? तर म्हणे, "धुतली होती." बोलता बोलता मध्येच थांबते, श्वास घेते, मग राहिलेलं वाक्य पुरं करते.

डबा उघडला तर रिकामा. एकही गोळी नाही. "संपल्या ग," ती म्हणाली. अजून महिनाभर तरी पुरायला हव्या होत्या. मागच्या वेळी माझंच मोजायचं चुकलं असणार. हल्ली डोक्यात नुसते सेकंद फिरत असतात. लगेच खाली जाऊन औषधाच्या दुकानातून चार पट्ट्या आणल्या, एक गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर हिरव्या पेनने लिहिलं: रोज सकाळी एक. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "र चा ऊकार बघ कसा काढलायस, पाय मोडल्यासारखा." वास्तविक त्या तीन शब्दांत रू कुठेच नाही. मी वाद घातला नाही. मंगळवारी डॉक्टरांकडे नंबर लावला आहे.

निघताना तिने विचारलं, "तो चाळीस सेकंदांचा नियम कुणी काढला ग?"

"तुला कसं कळलं?"

"बायका बोलत होत्या."

"मीच काढला."

तिने चष्मा काढून ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हुशार आहे माझी पोर." हात गार होता.

२५ मार्च, मंगळवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. लिहिलं नाही तर मी इथेच रडायला लागेन.

सकाळी सतरा नंबरची सुकी पिशवी सोडली. चिंधी ओढली, गाठ सुटली. चार पट्ट्या, पुसलेल्या, एकावर एक. उलट्या केल्या तर हिरवी शाई. रोज सकाळी एक. रोज सकाळी एक. रोज सकाळी एक. रोज सकाळी एक.

माझं अक्षर.

पहिल्यांदा मनात काय आलं, तेही लिहून ठेवते. वाटलं, हे माझ्याच हाताला चिकटून आईच्या घरून आलं. मग ओली पिशवी फाडली. सालींच्या पुडीत, एका छोट्या वेगळ्या पुडीत, गोळ्या. मऊ झालेल्या, पांढऱ्या. माझ्या आईने मी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. सगळी रिकामी करून.

हातमोजे घालूनच पळत सुटले. ती दारातच खुर्ची टाकून बसली होती, डॉक्टरांकडे जायचं म्हणून कपडे बदलून, भिंतीला टेकून. माझ्या हातातली पट्टी बघून तिचा चेहरा खुलला.

"सतरा नंबर," ती म्हणाली. श्वास घेतला. "किती मिळाले ग?"

"दहा."

"दहापैकी?"

"दहापैकी दहा, आई."

"बघ," ती म्हणाली. एवढंच.

२६ मार्च, बुधवार

छातीत पाणी झालं होतं. आज बरीच बरी आहे. डॉक्टरबाई तरुण आणि स्पष्ट. विचारलं, "औषध कोण देतं यांना?" मी म्हटलं, त्या स्वतः घेतात. त्याच वेळी आई म्हणाली, "शिट्टी देते." डॉक्टरबाईंना वाटलं, पेशंट भरकटली. मलाही तसंच वाटलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुपारी गाडीच्या थांब्यावर गेले. शिट्टी पाण्याच्या नळावर पाय धूत होती. मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, "कशी आहे मास्तरीण?"

मग तिने सगळं सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी आई पिशवी घेऊन खाली येताना वळणावरच्या अंधारात बसून राहिली होती, कुठे निघाले तेच आठवेना. शिट्टीने वर नेलं. तेव्हापासून रोज वर जायची, पिशव्या घ्यायची, पट्टीतली एक गोळी काढून हातावर ठेवायची, पाणी द्यायची, गिळेपर्यंत थांबायची. "कधी लगेच गिळते, कधी आधी कविता म्हणते. त्यात वेळ जातो."

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती. लेकीला कळलं तर ती मला उचलून घेऊन जाईल, म्हणाली. फॉर्म पण तिनेच भरायला लावला. लेकीला घरं कमी पडायला नकोत म्हणे." आडनाव वेगळं, म्हणून टक्का साहेबांच्या चाळणीतून आई सुटली. आणि सतरा हा तिचा नंबर, तेही शिट्टीनेच तिला सांगून ठेवलं होतं. "परीक्षेला बसल्यासारखी खूश होती."

"पण नियम आल्यावर तरी—"

"तुम्हाला विचारलं होतं मी, मॅडम. सतरालाही का, म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं. मी विचारलं, पाच नंबरला काय? तर तिथला माणूस आंधळा आहे, तो ओलं-सुकं हाताने चाचपून वेगळं करतो आणि तिला तपासायला लावतो. एकोणतीसमध्ये बाळंतीण एकटी आहे, तिचं मूल धरावं लागतं.

म्हणजे माझा कोरा रकाना शिट्टीला तोंडपाठ होता.

२८ मार्च, शुक्रवार

दोन रस्ते आहेत. सतरा नंबर "माहिती अपुरी" म्हणून गुपचूप काढून टाकायचा. अहवाल आहे तसा चांगलाच आहे, गाडी वेळेवर पोचते आहे, हे खोटं नाही. मी कायम होईन. दुसरा रस्ता म्हणजे सगळं लिहून द्यायचं. ते घर माझ्या आईचं, ओल्या पिशव्या मी आठवडाभर उघडल्या नाहीत, आणि न विचारता नियम सुचवला. मग माझ्या अहवालाला कोण विचारतो?

नवरा म्हणाला, "चार दिवस थांब, घाई करू नकोस." त्याचं बरोबर असेल. पण चार दिवस थांबायचं तर पाच नंबरचा माणूसही थांबतो, आणि ती बाळंतीणही.

आईला विचारलं नाही. तिचं एकच चाललं आहे: "मला माझ्या घरी सोड." घरी म्हणजे कुठे, हे ती एकदाही चुकली नाही.

३० मार्च, रविवार

आईला घरी आणलं. तिच्याच घरी. सध्या मीही इथेच झोपते. सध्या म्हणजे किती दिवस, हे ना तिने विचारलं ना मी सांगितलं. वळणावर नवा दिवा बसवला. आईने वर बघून म्हटलं, "कशाला एवढा उजेड, चोरांची सोय!"

दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर अहवाल लिहिला. सगळा. रकाना भरला: पडताळणी करून घेतो. मूल धरावं लागतं. गोळी गिळेपर्यंत. तीन ठिकाणी जास्तीची वेळ धरून मार्ग नव्याने आखावा, शेवटच्या गल्लीसाठी दुसरी फेरी ठेवावी.

आई पाठीमागून वाचत होती. "गिळेपर्यंत" वर बोट ठेवून म्हणाली, "हे सरकारी भाषेत बसत नाही." मी म्हटलं, राहू दे.

३१ मार्च, सोमवार

सकाळी गोळी देताना आईने तोंड घट्ट मिटलं. माझ्या हातून नको. डॉक्टरांनी बजावलंय म्हणून सांगून पाहिलं, शपथा घालून झाल्या, शेवटी रडकुंडीला आले. ती गॅस पुसायला लागली. तेवढ्यात खालून शिट्टी ऐकू आली, तशी ती फडकं ठेवून आपणहून खुर्चीत जाऊन बसली. हात पुढे करून.

नियम अजून कायम आहे. मी खिडकीतून पाहिलं. शिट्टी खाली उभी, हातात यंत्र, वर बघते आहे. तिलाही माहीत, मलाही माहीत: चाळीस सेकंदांच्या वर गेलं की तिच्या नावापुढे लाल खूण. तो लाल रंग मीच निवडला होता.

मी आईच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि धडधडत खाली गेले. "जा वर. पुढची दारं मी करते."

"तुम्ही? आणि साहेबांनी बघितलं तर?"

"जा ना बाई, सेकंद चाललेत!"

तिने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली, वर यंत्रही दिलं, आणि जिना चढायला लागली. मी सतराचं स्टिकर निघाल्याचं म्हणून टिपलं. छत्तीस सेकंद. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. मला शिट्टी नीट वाजवता येत नाही, नुसती हवा जाते. अठराच्या बाईने विचारलं, "आज गाडी आजारी आहे का?" विसाव्या घराने सुक्यात भात टाकला होता. मी दारातच उभी राहून त्यांना सुनावलं आणि माझी स्वतःची वेळ एक मिनिट तीन सेकंद झाली. तिसऱ्या मजल्यावरून आईचा आवाज येत होता. कविता म्हणत होती, सगळी, शेवटच्या कडव्यापर्यंत.

अकरा वाजता साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवला. पहिल्याच पानावर लिहिलं आहे की सतरा नंबर माझी आई. त्यांनी वाचलं. शेवटचं पान उलटून पुन्हा पहिल्यावर आले. टक्केसुद्धा विचारले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या बैठकीत ठेवावा लागेल. नियम तोवर तसाच राहील. आणि तुमचं... बघू." बैठक दहा तारखेला.

म्हणजे अजून दहा सकाळी. मी दाराशी चपला काढून ठेवल्या आहेत, पळताना सुटणार नाहीत अशा, पट्ट्याच्या. आईने मघाशी त्या पाहिल्या आणि म्हणाली, "उद्या दोन्ही पिशव्या एका हातात धरू नकोस. ओली डाव्या, सुकी उजव्या."

मी म्हटलं, "बरं, बाई."